किल्ली कोणाच्या खिशात?

(राष्ट्रीय सुरक्षा दिनाच्या निमित्ताने वाळूज येथे कामगार कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



यंत्र थांबले म्हणजे माणूस सुरक्षित झाला, ही समजूत कारखान्यांच्या जगात जितकी जुनी तितकीच फसवी आहे. पॉवर प्रेसवर कामगाराचे बोट जाई ते यंत्र चालू असताना. धोका डोळ्यांसमोर दिसत असे. आज पत्रा कापणारे संगणकचलित यंत्र चारी बाजूंनी बंदिस्त असते. ते कापत असते तेव्हा कामगार काचेपलीकडे उभा असतो, आणि तेवढा वेळ तो बहुधा सुरक्षितही असतो. त्याच्या जिवावर बेतते ते यंत्र अडते तेव्हा, ते साफ करायचे असते तेव्हा, बिघडलेला भाग बदलण्यासाठी त्याला आत हात घालावा लागतो तेव्हा. म्हणून या यंत्राच्या सुरक्षिततेचा विचार करायचा तर तो त्याच्या चालण्यापासून सुरू करून भागत नाही, त्याच्या थांबण्यापासून सुरू करावा लागतो. यंत्र कोण थांबवतो, आणि थांबलेले यंत्र पुन्हा सुरू करण्याचा अधिकार कोणाच्या हाती असतो, हा त्यातला मूळ प्रश्न आहे.

या प्रश्नाला छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे कालपरवापर्यंतच्या औरंगाबादेत, विशेष महत्त्व आहे. रेल्वे स्टेशनजवळची वसाहत, चिकलठाणा, मग वाळूज आणि पुढे शेंद्रा असा या शहराचा औद्योगिक विस्तार झाला. १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि त्याला सुटे भाग पुरवणाऱ्या लहानमोठ्या वर्कशॉपांचे जाळे भोवताली पसरले. पैठण, गंगापूर, वैजापूर या तालुक्यांतून, जालना आणि बीड जिल्ह्यांतून कोरडवाहू शेतीने ज्यांना सामावून घेतले नाही असे तरुण येथे आले. नंतर बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्यांची त्यांत भर पडली. या तरुणांच्या हाती पहिल्यांदा आला तो पॉवर प्रेस. ‘सेफ इन इंडिया’ या संस्थेने २०१९ पासून वाहन उद्योगाच्या पुरवठा साखळीतील जखमी कामगारांविषयी जे अहवाल प्रसिद्ध केले, त्यांतून हेच चित्र पुढे आले आहे. बोटे जाण्याचे मोठे कारण पॉवर प्रेस असून त्याची किंमत मोजणाऱ्यांत स्थलांतरित आणि कंत्राटी कामगारांचा भरणा आहे.

संगणकचलित लेसर कटिंग मशीन आले तेव्हा बोटे तुटण्याचा हा काळ संपेल अशी आशा निर्माण झाली. ती अगदीच निराधार नव्हती. ज्या शॉपमध्ये पत्रा हाताने डायखाली सरकवावा लागत नाही, तेथे त्या प्रकारचा अपघात होत नाही. परंतु जुना प्रेस अनेकदा भंगारात न जाता शेजारच्या गल्लीतील लहान वर्कशॉपमध्ये जातो. आणि नव्या यंत्राबरोबर आलेले धोके असे आहेत की ते डोळ्यांना दिसत नाहीत.

हे यंत्र काय करते ते प्रथम समजून घेतले पाहिजे. आराखडा संगणकात भरला जातो. फायबर लेसरचा किरण लेन्समधून एका बिंदूवर एकवटतो, पत्रा वितळवतो, आणि नोझलमधून येणारा ऑक्सिजन किंवा नायट्रोजनचा झोत वितळलेला धातू खाली उडवून देतो. या किरणाची तरंगलांबी सुमारे एक मायक्रॉन असते. तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून पापणी मिटत नाही; तो बुबुळातून आरपार जातो आणि नेत्रपटल जाळतो. पत्र्यावरून परावर्तित झालेला किरणही हे काम करू शकतो. कापणारे डोके ज्या गॅन्ट्रीवर बसवलेले असते ती इतक्या वेगाने सरकते की मधे आलेल्या माणसाला मागे हटण्यास वेळ मिळत नाही. पत्र्याची अदलाबदल करणारे टेबल सरकते तेव्हा त्याच्या आणि चौकटीच्या मधे सापडलेला माणूस चिरडला जातो. यांखेरीज धूर आहे. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा कापताना निघणाऱ्या धुराने संध्याकाळी हिवताप आल्यासारखी थंडी वाजते. स्टेनलेस स्टीलच्या धुरात कर्करोगास कारण होणारे क्रोमियमचे रूप असू शकते. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही. कोंदट शेडमध्ये तो गळत राहिला तर हवेतील प्राणवायू कमी होतो आणि माणसाला ते कळण्यापूर्वीच त्याची शुद्ध हरपते.

यंत्र बनवणाऱ्यांना हे सारे ठाऊक असते. म्हणूनच ते यंत्र बंदिस्त करतात आणि दाराला इंटरलॉक बसवतात. इंटरलॉक म्हणजे एक स्विच. दारावर एक पट्टी असते, दार लागले की ती पट्टी किल्लीसारखी स्विचमध्ये शिरते आणि मगच किरण सुरू होऊ शकतो. दार उघडले की पट्टी बाहेर येते आणि किरण बंद पडतो. दार लागलेले असेल तोवर हे यंत्र बाहेर उभ्या असलेल्या माणसासाठी लेसरच्या सर्वांत निर्धोक, म्हणजे पहिल्या वर्गात मोडते. इंटरलॉक निकामी केला की तेच यंत्र चौथ्या, म्हणजे सर्वांत घातक वर्गात जाते. या दोन वर्गांमध्ये बोटभर लांबीच्या एका पट्टीचे अंतर आहे.

ती पट्टी दारावरून काढून, किंवा तिचा जादा नग आणून, स्विचमध्ये कायमची चिकटवून ठेवता येते. मग दार उघडे असले तरी यंत्राला ते बंदच वाटते. ‘सेन्सर बायपास केला’ या तीन शब्दांत जे सांगितले जाते ते हेच. आणि येथे नेहमीचा आरोप पुढे येतो की कामगार बेफिकीर आहे, त्याला स्वतःच्या जिवाची पर्वा नाही. हा आरोप तपासून पाहिला पाहिजे. कापलेला तुकडा कधी जाळीत पडत नाही, तो तिरपा उभा राहतो, डोके त्यावर आपटते आणि यंत्र अलार्म देऊन थांबते. दार उघडायचे, तुकडा काढायचे, दार लावायचे, यंत्र मूळ जागी न्यायचे, पुन्हा सुरू करायचे, या सगळ्यात काही मिनिटे जातात. पाळीत असे अनेकदा घडते. पाळीचे टार्गेट ठरवताना ही मिनिटे धरलेली नसतात. कंत्राटी कामगाराची उद्याची हजेरी त्या टार्गेटवर अवलंबून असते. अशा स्थितीत जो माणूस बायपास करतो, किंवा सुपरवायझरने केलेल्या बायपासवर मुकाट्याने काम करतो, त्याच्या बेफिकिरीचा उगम यंत्राजवळ शोधून सापडणार नाही. तो टार्गेटच्या कागदावर सापडेल.

आता देखभालीच्या वेळेचा विचार करू या. ऑपरेटरला सर्वांत जवळचे असते ते लाल रंगाचे एमर्जन्सी स्टॉप बटण. ते दाबले की यंत्र थांबते आणि बहुतेकांना वाटते की आता आत हात घालायला हरकत नाही. परंतु ते बटण यंत्राची हालचाल थांबवण्यासाठी आहे, यंत्राची शक्ती काढून घेण्यासाठी नाही. बटण दाबल्यावरही पॅनेलमध्ये वीज असते. मेन स्विच बंद केल्यावरदेखील सर्व्हो ड्राइव्हच्या कपॅसिटरमध्ये काही मिनिटे प्राणघातक दाबाची वीज साठून राहते. नळ्यांमध्ये दाबलेली हवा असते, गॅसच्या लाइनमध्ये दाब असतो. शेजारच्या प्रेस ब्रेकचा रॅम तेलाच्या दाबावर वर अडकलेला असतो आणि दाब उतरला की तो स्वतःच्या वजनाने खाली येतो. थांबलेले यंत्र म्हणजे झोपलेले जनावर. ते मेलेले नसते.

यावर जगभर मान्य झालेला उपाय एका कुलपात सामावलेला आहे. यंत्राजवळच्या सर्वांना आधी सांगायचे. यंत्र रीतीने थांबवायचे. वीज, हवा आणि गॅस मुख्य जागी तोडायचे. त्या प्रत्येक जागी, जो माणूस आत हात घालणार आहे त्याने स्वतःचे कुलूप लावायचे आणि त्यावर नाव लिहिलेली चिठ्ठी बांधायची. साठलेली शक्ती उतरू द्यायची, कपॅसिटर रिकामे होईपर्यंत यंत्रावर लिहिलेली मिनिटे थांबायचे. मग यंत्र सुरू करून पाहायचे. ते सुरू होत नाही याची खात्री झाल्यावरच हात आत घालायचा. चार माणसे काम करत असतील तर चार कुलपे लागतील. आणि प्रत्येक कुलपाची किल्ली त्या त्या माणसाच्या खिशात राहील. सुपरवायझरच्या नव्हे, ठेकेदाराच्या नव्हे, मालकाच्याही नव्हे. अमेरिकेत १९८९ साली हा नियम सक्तीचा झाला. तेथील सुरक्षा खात्याच्या अंदाजाप्रमाणे तो पाळल्याने दरवर्षी सुमारे १२० मृत्यू आणि ५० हजार इजा टळतात.

या पद्धतीकडे केवळ तांत्रिक युक्ती म्हणून पाहता येणार नाही. जोवर किल्ली कामगाराच्या खिशात आहे तोवर कोट्यवधी रुपयांचे यंत्र त्याच्या संमतीवाचून सुरू होऊ शकत नाही. कारखान्याच्या चार भिंतींत, थोड्या वेळापुरती का होईना, सत्ता हस्तांतरित होते. ज्याच्या शरीराला धोका आहे त्याच्याच हाती निर्णय, हे तत्त्व त्या लहानशा कुलपात आहे. आणि म्हणूनच काहीशे रुपयांत मिळणारे ते कुलूप अनेक शॉपांत विकत घेतले जात नाही, किंवा घेतले तर त्याची किल्ली ऑफिसातल्या खिळ्यावर टांगलेली असते.

यंत्र थांबण्याचा वेळ कोणाचा, हा झगडा नवा नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८८४ च्या सप्टेंबरात मुंबईच्या परळ भागात गिरणी कामगारांच्या सभा झाल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यात आठवड्याची सुट्टी मागितली होती, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती मागितली होती, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार व कायमचा अपंग झालेल्याच्या निर्वाहाची सोयही मागितली होती. त्या काळी यंत्रे थांबत तेव्हाही कामगार मोकळा होत नसे, सुट्टीच्या दिवशी त्याला यंत्रे पुसण्यासाठी बोलावले जाई. रविवारची सुट्टी मिळण्यास १८९० साल उजाडावे लागले. आज वाळूजला साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, पॉवर कटच्या दिवशी, शेड रिकामी असताना जी ‘मेंटेनन्स’ची कामे ठेकेदाराच्या माणसांकडून करून घेतली जातात, त्यांची मुळे तेथपर्यंत पोहोचतात. शेडमध्ये कोणी जाणता माणूस नाही, प्रथमोपचार नाही, आणि पॅनेलजवळ उभा राहून सांगणारा कोणी नाही की आत माणूस आहे.

कायद्याने या बाबतीत काही केले नाही असे म्हणता येणार नाही. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्यात धोकादायक यंत्रांना कुंपण घालण्याची तरतूद आली. १९४८ च्या कायद्याने चालू यंत्राची तपासणी, तेल घालणे, जुळवणी ही कामे खास प्रशिक्षण घेतलेल्या माणसापुरती मर्यादित केली. भोपाळची वायुगळती १९८४ च्या डिसेंबरात झाली. त्यानंतर १९८७ च्या दुरुस्तीने धोक्याची माहिती मिळण्याचा हक्क आणि सुरक्षा समितीत कामगारांचा सहभाग या गोष्टी कायद्यात आल्या. म्हणजे हजारो माणसे मेल्यानंतर कामगाराला प्रश्न विचारण्याचा अधिकार मिळाला. आता या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने घेतली आहे. ही २०२० सालची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली.

या संहितेचे मूल्यमापन न्यायाने केले पाहिजे. सुरक्षा अधिकारी नेमण्याची मर्यादा हजार कामगारांवरून पाचशेवर आली, नेमणूकपत्र देणे बंधनकारक झाले, हे लाभ नाकारता येत नाहीत. परंतु १९४८ च्या मूळ कायद्यात विजेवर चालणाऱ्या, दहा कामगारांच्या वर्कशॉपला कारखाना म्हटले जाई. संहितेत ही संख्या वीस झाली. जेथे जुना प्रेस जातो, जेथे सेकंडहँड कटिंग मशीन जाते, ती शेड नेमकी याच दहा आणि वीसच्या मधली असते. निरीक्षकाचे नाव ‘निरीक्षक-नि-सुलभकर्ता’ झाले. सुलभ कोणासाठी, हे त्या नावात सांगितलेले नाही. गंभीर धोका जाणवल्यास तो मालकाच्या आणि निरीक्षकाच्या कानावर घालण्याचा हक्क कामगाराला आहे. परंतु कानावर घालणे आणि यंत्र थांबवणे यांत अंतर आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या करारात, प्राणावर बेतणाऱ्या धोक्यातून वाजवी कारणाने बाजूला झालेल्या कामगाराला शिक्षा होता कामा नये, असे तत्त्व आहे. २०२२ साली हा करार त्या संघटनेने मूलभूत करारांत समाविष्ट केला. हे तत्त्व वाळूजच्या शेडपर्यंत आणण्याचे काम अद्याप बाकी आहे.

येथे कोणी म्हणेल की यंत्राची रचनाच अशी आहे, त्याला इलाज नाही. इतिहास तसे सांगत नाही. आकड्यांवर चालणारे पहिले यंत्र १९५२ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविज्ञान संस्थेत दाखवण्यात आले, आणि त्यामागे तेथील हवाई दलाचा पैसा होता. त्याच सुमारास दुसरीही एक पद्धत उपलब्ध होती. कुशल कारागिराने एक जॉब स्वतः करायचा, त्याच्या हाताच्या हालचाली फितीवर नोंदवायच्या आणि यंत्राने त्या पुन्हा करायच्या. डेव्हिड नोबल या इतिहासकाराने १९८४ च्या आपल्या ग्रंथात दाखवले की ही दुसरी पद्धत मागे पडण्याचे कारण केवळ तांत्रिक नव्हते. तीत कौशल्य आणि नियंत्रण कारागिराकडे राहत होते, आणि व्यवस्थापनाला ते नको होते. इंग्लंडात लुकास एरोस्पेसच्या कामगार प्रतिनिधींनी १९७६ साली आपल्या कारखान्यांसाठी पर्यायी योजना मांडली. तिच्यातील सुमारे दीडशे सूचनांमध्ये, माणसाच्या कौशल्याला बाजूला न सारता त्याच्या हुकमतीखाली दुरून काम करतील अशी यंत्रेही होती. ती योजना कंपनीने स्वीकारली नाही. तरीही यंत्र कसे असावे याविषयी यंत्रावर काम करणारा माणूस बोलू शकतो, एवढे तिने सिद्ध केले.

हे बोलणे येथे शक्य आहे काय? चिकलठाण्याला इंडो-जर्मन टूल रूम आहे, शहरात आयटीआय आहे. संगणकचलित यंत्रांचे शिक्षण मराठवाड्यातील मुलांना येथे मिळते. कौशल्याचा दुष्काळ नाही. परंतु टूल रूममध्ये शिकलेला मुलगा प्रोग्रामच्या खुर्चीवर बसतो आणि जाळीखालचा वितळून थिजलेला कचरा खरवडण्यास लेबर नाक्यावरून आणलेला हेल्पर उतरतो. यंत्राची पुस्तिका इंग्रजीत, कधी चिनी भाषेत असते. जो आत उतरतो त्याला तिच्यातील एक ओळही वाचता येत नाही. तो कचरा वेळेवर काढला नाही तर ठिणगीने पेट घेतो. धूर ओढणाऱ्या यंत्रणेचे फिल्टर साफ झाले नाहीत तर धूर शेडमध्ये राहतो. लेन्सवरची संरक्षक काच मळली तर तापून तडकते. म्हणजे यंत्राचे आणि माणसाचेही आयुष्य त्या हेल्परच्या कामावर अवलंबून आहे, आणि सर्वांत कमी माहिती त्यालाच दिली जाते. साध्या हातमोज्याचे उदाहरण घ्या. कापलेल्या पत्र्याची धार हाताळताना तो हवाच. फिरत्या स्पिंडलजवळ तोच मोजा अडकून हात ओढून नेतो. ‘सेफ्टीसाठी मोजे घाला’ एवढी पाटी लावून हा भेद समजत नाही.

मोज्यांवरून एका घटनेचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे याच वाळूज वसाहतीत हातमोजे तयार करणाऱ्या एका कारखान्याला आग लागली आणि आत झोपलेले सहा कामगार मरण पावले. दुसऱ्यांचे हात सुरक्षित राखणारी वस्तू ज्यांनी तयार केली, त्यांच्या रात्रीच्या निवाऱ्याची सुरक्षितता कोणाच्याच हिशेबात नव्हती. जो यंत्राशेजारीच झोपतो त्याची पाळी कधी सुटतच नाही, हे त्या पहाटेने दाखवले.

लहान उद्योजक म्हणतो की वरचा मोठा कारखाना सुट्या भागाचा भाव पाडतो, मग सुरक्षेवर खर्च कोठून करायचा? त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. म्हणूनच जबाबदारीची साखळी वरपर्यंत नेली पाहिजे. ज्या कंपनीला सुट्या भागाच्या मापात केसाएवढा फरक चालत नाही, जिचे निरीक्षक त्यासाठी पुरवठादाराच्या शेडमध्ये येऊन बसतात, त्याच निरीक्षकांना चिकटवलेली इंटरलॉकची पट्टी दिसत नाही असे होऊ शकत नाही. मात्र भाव कमी मिळतो या कारणाने कुलपाची किल्ली खिळ्यावर टांगण्याचे समर्थन होत नाही. किल्ली कामगाराला देण्यास काही खर्च येत नाही.

कार्यकर्त्यांपुढचे काम यातून स्पष्ट होते. वेतनकरारात बोनसच्या कलमाबरोबर कुलपाचे कलम आले पाहिजे. देखभाल करणाऱ्या प्रत्येकाला, कायम असो वा कंत्राटी, स्वतःचे कुलूप आणि स्वतःची किल्ली मिळाली पाहिजे. यंत्र अडल्याची आणि साफसफाईची मिनिटे टार्गेटमध्ये धरली गेली पाहिजेत. यंत्र बंद करण्याच्या पायऱ्या मराठीत आणि हिंदीत, पॅनेलच्या दारावरच लावल्या गेल्या पाहिजेत. बायपास केलेल्या यंत्रावर काम नाकारणाऱ्याची हजेरी कापली जाता कामा नये. आणि हे सारे केवळ युनियनच्या सभासदांसाठी मागून भागणार नाही. कायम कामगाराने आपले कुलूप मिळवले आणि शेजारचा ठेकेदारी हेल्पर उघड्या हाताने जाळीखाली उतरत राहिला, तर ती संघटना अपुरी आहे.

उद्या सकाळी पाळीवर गेल्यावर प्रत्येकाने आपल्या यंत्राजवळ उभे राहून एकच प्रश्न विचारावा. हे यंत्र बंद करून आत हात घालायचा असेल, तर ते पुन्हा सुरू होणार नाही याची किल्ली कोणाच्या खिशात आहे? उत्तर ‘माझ्या’ असे येत नसेल, तर तेथूनच कामाला सुरुवात केली पाहिजे.